स्विचमधले करार: इथरनेटच्या मानकांचा आढावा

डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० साली मिळून इथरनेटची जी फ्रेम ठरवली, ती आजही जवळजवळ तशीच आहे. आधी ज्याला पाठवायचं त्याचा ४८ बिटांचा पत्ता, मग पाठवणाऱ्याचा तेवढाच पत्ता, मग आत काय आहे ते सांगणारी दोन बाइटांची खूण, मग जास्तीत जास्त १५०० बाइट मजकूर आणि शेवटी वाटेत काही बिघडलं का ते तपासायला चार बाइट. दरम्यान वेग सेकंदाला एक कोटी बिटांवरून ८०,००० कोटी बिटांवर गेला. जाड कोएक्सियल केबल जाऊन पिळाच्या तारा आल्या, मग काचेचे तंतू आले. फ्रेम मात्र जुन्या-नव्या सगळ्या यंत्रांना कळत राहिली.

या न बदललेल्या फ्रेममुळे इथरनेट जिंकलं आणि त्याची बहुतेक दुखणीही तिच्यातूनच आली. स्विचच्या माहितीपत्रकावर एसटीपी, व्हीलॅन, एलएसीपी, एलएलडीपी, ८०२.१एक्स अशी लांबलचक यादी असते. त्यातलं बहुतेक प्रत्येक मानक फ्रेमला शक्य तेवढा कमी हात लावून तिची एखादी उणीव भरून काढायला आलेलं आहे. यादी पाठ करून हाती काही लागत नाही. कोणतं मानक कोणत्या दुखण्यावर आलं आणि त्याने स्वतः कोणतं नवं दुखणं आणलं, हे समजलं की स्विच समजतो. हा आढावा त्याच बाजूने घेतला आहे.

मुळात इथरनेटमध्ये स्विच नव्हताच. २२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ज्या टिपणात ही कल्पना मांडली, त्यात एकच सामाईक केबल होती. हवाई विद्यापीठातल्या अलोहानेट या रेडिओ जाळ्याचा तिच्यावर ठसा होता. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत मेटकाफ यांनी ती प्रत्यक्षात आणली. बोलण्याआधी ऐकायचं, दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबायचं आणि थोड्या यादृच्छिक वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा, एवढाच शिष्टाचार. टक्कर झाल्याची खबर वेळेत कळावी म्हणून फ्रेम किमान ६४ बाइटांची हवी असा नियम झाला. केबलच्या दुसऱ्या टोकाला झालेल्या टकरीची लाट परत येईपर्यंत पाठवणारा बोलतच असला पाहिजे, हे त्यामागचं गणित. आज स्विचच्या प्रत्येक पोर्टला स्वतंत्र तार असते, येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या असतात, टक्कर होऊच शकत नाही. तरी ६४ बाइटांचा नियम ४०० गिगाबिटच्या पोर्टवरही लागू आहे. मागच्या यंत्रांशी जुळवून घेण्याचा इथरनेटचा हट्ट किती पक्का आहे हे यातून दिसतं.

आय-ट्रिपल-ई या संस्थेची ८०२ समिती फेब्रुवारी १९८० मध्ये कामाला लागली आणि १९८३ मध्ये ८०२.३ हे इथरनेटचं मानक मंजूर झालं. स्विच वाचायचा तर या समितीतली एक विभागणी लक्षात ठेवावी. तारेवरचं सगळं, म्हणजे वेग, सिग्नल, वीजपुरवठा, हे ८०२.३ कडे आणि फ्रेम एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर कशी न्यायची, कुणाला आत घ्यायचं, हे ८०२.१ कडे. ८०२.१ च्या दस्तऐवजांत अजूनही ‘स्विच’ म्हटलेलं नाही, तिथे ‘ब्रिज’च आहे, कारण स्विच म्हणजे अनेक पोर्टांचा, वेगवान ब्रिज. असा पहिला इथरनेट स्विच १९९० साली ‘कल्पना’ या कंपनीने बाजारात आणला. त्याला सात पोर्ट होते. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी ती कंपनी काढली होती आणि तिला भारद्वाज यांच्या पत्नीचं नाव दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

स्विचचं मूळ काम थक्क करणारं सोपं आहे. नव्या भागात आलेला पोस्टमन पत्रांच्या मागे लिहिलेले पत्ते वाचून कोण कुठे राहतं हे शिकत जावा, तसा स्विच प्रत्येक फ्रेमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि हा पत्ता अमुक पोर्टच्या बाजूला आहे असं तक्त्यात लिहून ठेवतो. पुढच्या वेळी त्या पत्त्यासाठी काही आलं की नेमक्या त्याच पोर्टवर पाठवतो. पत्ता ठाऊक नसेल किंवा फ्रेम सर्वांसाठी असेल, तर आली ती बाजू सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर सोडतो. साधारण ३०० सेकंद एखादा पत्ता ऐकू आला नाही तर ती नोंद पुसतो. कोणी काही सांगावं लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. खोक्यातून काढला, तारा जोडल्या की चालू. या सोपेपणामुळे इथरनेट शाळेपासून शेअर बाजारापर्यंत पोहोचलं. पण यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत: जाळ्यात कुठेही फेरा नाही आणि पाठवणारा आपला पत्ता खरा सांगतो. दोन्ही गृहीतकं व्यवहारात मोडतात.

फेऱ्याचं आधी पाहू, कारण इथरनेटचं सगळ्यात गंभीर दुखणं तेच आहे. इंटरनेटच्या पॅकेटवर आयुष्य मोजणारा एक आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडा नाही. एकाच केबलसाठी आखलेल्या फ्रेमला त्याची गरजही नव्हती. आता दोन स्विच दोन तारांनी जोडले तर काय होतं? सर्वांसाठी पाठवलेली एक फ्रेम पहिल्यातून दुसऱ्यात दोन वाटांनी जाते, दुसरा ती परत पहिल्याकडे पाठवतो, आणि हे थांबवायला फ्रेममध्ये काहीच नसल्यामुळे ती फिरतच राहते. जिथे वाटा जास्त असतील तिथे तिच्या प्रती वाढत जातात. काही क्षणांत सगळी क्षमता या फिरत्या फ्रेम खाऊन टाकतात. दरम्यान एकच पत्ता कधी या पोर्टवर तर कधी त्या पोर्टवर दिसल्यामुळे तक्तेही बिघडतात. दुसरी तार मुळात लावली असते ती सुरक्षिततेसाठी: एक तुटली तर दुसरी असावी म्हणून.

यावरचा उपाय डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या राडिया पर्लमन यांनी शोधला आणि १९८५ मध्ये निबंधातून मांडला. सगळ्या ब्रिजांनी आपसात बोलून एका ब्रिजला मूळ मानायचं, प्रत्येकाने त्या मुळापर्यंतची आपली सर्वांत स्वस्त वाट ठरवायची आणि बाकीच्या वाटा बंद ठेवायच्या. जाळं कितीही गुंतागुंतीचं असलं तरी त्यातून फेरा नसलेलं एक झाड उरतं. एखादी तार तुटली की बंद वाटांपैकी एक उघडते. जाळं कितीही वाढलं तरी प्रत्येक ब्रिजला लागणारी स्मृती वाढत नाही, हे या रीतीचं मोठं वैशिष्ट्य. निबंधात त्यांनी हीच रीत ‘अल्गोऱ्हाइम’ नावाच्या छोट्या कवितेतही सांगितली आहे आणि नेटवर्किंग शिकणाऱ्यांच्या पिढ्यांना ती कविता परिचयाची आहे. १९९० मध्ये हा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल ८०२.१डी या मानकात आला. माझ्या मते इथरनेटच्या इतिहासातली ही सर्वांत देखणी कल्पना आहे. तिच्याशिवाय स्विच जोडून मोठं जाळं उभारणं शक्यच नव्हतं.

पण तिच्या मर्यादा तेवढ्याच समजून घ्यायला हव्यात. मूळ ब्रिज कोण, हे प्रत्येक स्विचच्या ओळखक्रमांकावरून ठरतं आणि सर्वांत लहान क्रमांकवाला जिंकतो. क्रमांकाचा पहिला भाग म्हणजे प्राधान्य. कारखान्यातून येताना ते सगळ्यांचं ३२७६८ असतं. कोणी ते बदललं नाही तर निर्णय हार्डवेअरच्या पत्त्यावर जातो. उत्पादक पत्ते चढत्या क्रमाने देतात म्हणून एकाच कंपनीच्या स्विचांमध्ये बहुतेक वेळा सर्वांत जुना, सर्वांत मंद स्विच मूळ होतो. संपूर्ण इमारतीची वाहतूक मग तळघरातल्या कोपऱ्यातल्या विसरलेल्या पेटीतून वळते. दुसरी मर्यादा वेळेची. जुन्या प्रोटोकॉलमध्ये बिघाड लक्षात यायला २० सेकंद, मग ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५, असे ५० सेकंद जाऊ शकतात. तिसरी मर्यादा पल्ल्याची. या ठरावीक वेळांच्या हिशेबात दोन टोकांमध्ये सातपेक्षा जास्त ब्रिज नसावेत अशी शिफारस आहे.

बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरमध्ये या मर्यादा मोडल्या. वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्याने वाढलेलं ते जाळं काही ठिकाणी सातची हद्द ओलांडून गेलं होतं. १३ नोव्हेंबर २००२ रोजी एका संशोधकाच्या प्रणालीतून निघालेल्या प्रचंड डेटाचा भार पडला, स्विच एकमेकांशी वेळेत बोलू शकेनात, स्पॅनिंग ट्रीचा हिशेब कोसळला आणि बंद असायला हव्या त्या वाटा उघडल्या. सुमारे चार दिवस एका आधुनिक रुग्णालयाचं काम कागदावर चाललं: तपासण्यांचे निकाल, औषधांच्या नोंदी, सगळं. तिथले मुख्य माहिती अधिकारी जॉन हलाम्का यांनी हे लपवलं नाही. काय झालं, का झालं, हे त्यांनी उघडपणे सांगितलं आणि लिहिलं. मोठ्या जाळ्यात सगळं एकाच सपाट इथरनेटवर ठेवू नये, मध्ये राउटिंग आणावं, हा धडा त्यानंतर जगभरच्या नेटवर्क अभियंत्यांनी गांभीर्याने घेतला. प्रोटोकॉल यात चुकीचा नव्हता. ज्या आकाराचं जाळं धरून तो आखला होता, त्यापलीकडे तो नेला गेला होता.

२००१ मध्ये ८०२.१डब्ल्यू हे जलद रूप आलं. त्यात शेजारचे स्विच घड्याळाची वाट न पाहता एकमेकांशी प्रस्ताव आणि संमतीची देवाणघेवाण करतात आणि चांगल्या जाळ्यात नवी वाट सेकंदाच्या आत उघडते. २००४ पासून तेच मूळ मानकाचा भाग झालं. व्हीलॅनच्या गटांसाठी वेगवेगळी झाडं ठेवता येणारं ८०२.१एस त्याआधी, २००२ मध्ये आलं होतं. आजच्या घडीला जुनं रूप वापरण्याचं कारण उरलेलं नाही. मूळ स्विच कोण हे मात्र हाताने ठरवावं, आणि जिथे फक्त संगणक किंवा प्रिंटर जोडायचे ते पोर्ट ‘टोकाचे’ म्हणून जाहीर करावेत. अशा पोर्टवर दुसऱ्या स्विचचा संदेश आला तर पोर्ट बंद करण्याची सोय बहुतेक उत्पादक देतात. तीही चालू ठेवावी. मीटिंगच्या खोलीत कोणीतरी केबलची दोन्ही टोकं भिंतीतल्याच दोन सॉकेटांत घालतो आणि मजल्याचं नेटवर्क बसतं, हा प्रसंग या क्षेत्रातल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. वीस मिनिटांची तयारी तो टाळते.

दुसरं मोठं मानक व्हीलॅनचं. सगळ्यांसाठी पाठवलेली फ्रेम खरोखरच सगळ्यांना मिळते, मग लेखा विभाग, पाहुण्यांचं वायफाय आणि कॅमेरे एकाच स्विचवर असतील तर त्यांना वेगळं कसं ठेवायचं? १९९८ च्या ८०२.१क्यू मानकाने फ्रेमच्या मध्ये चार बाइटांचा टॅग घातला. फ्रेमला प्रत्यक्ष हात लावला गेला असा हा दुर्मीळ प्रसंग. त्यासाठी फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट करावी लागली. टॅगमधले १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात, म्हणजे ४०९६ क्रमांक. दोन राखीव असल्याने ४०९४ वापरता येतात. तीन बिट प्राधान्यासाठी आहेत. त्यांनी आठ पातळ्या होतात आणि फोनवरचा आवाज फाइलच्या कॉपीमागे अडकत नाही तो त्यांच्यामुळे. टॅग सहसा फक्त स्विच-स्विचमधल्या ट्रंकवर दिसतो. संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

याआधी सिस्कोची स्वतःची आयएसएल ही पद्धत होती. ती अख्खी फ्रेम ३० बाइटांच्या वेष्टणात गुंडाळायची आणि तिची भाषा दुसऱ्या कंपनीच्या स्विचला कळायची नाही. उघडं मानक आलं आणि ती मागे पडली. व्हीलॅनची यादी सगळ्या स्विचांवर आपोआप पसरवणाऱ्या व्हीटीपी या त्याच घराण्यातल्या प्रोटोकॉलने जास्त महाग धडा दिला. त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ज्या स्विचचा बदल-क्रमांक मोठा, त्याची यादी खरी मानली जाते. प्रयोगशाळेत खूप वेळा बदललेला एखादा जुना स्विच चालू जाळ्यात लावला, त्याचं डोमेन-नाव जुळलं, की कार्यालयातले सगळे व्हीलॅन पुसले जाऊ शकतात. सोय करणाऱ्या स्वयंचलित प्रोटोकॉलला किती अधिकार द्यायचा, हे ठरवणं प्रोटोकॉल निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

तारेच्या पातळीवर सर्वांत जास्त तक्रारी ज्या मानकाभोवती होतात ते १९९५ च्या ८०२.३यू बरोबर आलेलं स्वयं-वाटाघाटीचं. दोन टोकं एकमेकांना आपल्या क्षमता कळवतात आणि दोघांना जमेल असा सर्वोत्तम वेग निवडतात. अडचण होते ती एका टोकावर कोणी हाताने ‘१०० मेगाबिट, पूर्ण दुतर्फी’ असं ठोकून दिलं की. मग ते टोक वाटाघाट करत नाही. दुसरं टोक सिग्नलवरून वेग ओळखतं, पण पूर्ण दुतर्फी की अर्ध-दुतर्फी हे त्याला कळू शकत नाही, आणि मानकाप्रमाणे ते अर्ध-दुतर्फी धरतं. दोन्ही दिवे हिरवे, पिंगही चालतो, पण मोठी फाइल पाठवली की वेग रसातळाला. ‘हाताने ठरवलं की खात्रीचं’ ही समजूत १९९० च्या दशकातल्या कच्च्या यंत्रांच्या अनुभवातून आली होती. १९९९ च्या ८०२.३एबी मानकानुसार तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटसाठी वाटाघाट सक्तीचीच आहे. तरी ही समजूत अजून जिवंत आहे. ती सोडावी. दोन्ही टोकं स्वयंचलित ठेवणं हेच योग्य.

वेगांची पुढची वाट झपाट्याने सांगता येते: फायबरवर गिगाबिट १९९८, दहा गिगाबिट २००२, चाळीस आणि शंभर २०१०, दोनशे आणि चारशे २०१७, आठशे २०२४. त्यात लक्ष द्यावं असं मानक २०१६ चं ८०२.३बीझेड. वायफाय एक गिगाबिटपेक्षा वेगवान झालं, पण इमारतींमध्ये आधीच ओढलेली केबल बदलणं महाग होतं. म्हणून त्याच केबलवर अडीच आणि पाच गिगाबिट देणारं हे मधलं मानक आलं. गरज ओळखून, लोकांच्या भिंती न फोडता काम करणारं.

एकाच तारेवर डेटा आणि वीज दोन्ही पाठवणारं पॉवर ओव्हर इथरनेट हे मानक सामान्य माणसापर्यंत सर्वांत जास्त पोहोचलं आहे. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही सोसायटीच्या फाटकावर, जिन्यात, पार्किंगमध्ये जे आयपी कॅमेरे दिसतात, त्यांतल्या अनेकांना वेगळा वीज-पॉइंट नसतो. वीज स्विचमधून येते. २००३ च्या ८०२.३एएफमध्ये स्विच पोर्टमागे १५.४ वॉट देतो आणि केबलमध्ये होणारा ऱ्हास धरून यंत्राला १२.९५ वॉटची हमी मिळते. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये ३० वॉट आणि २०१८ च्या ८०२.३बीटीमध्ये, चारही जोड्या वापरून, ९० वॉटपर्यंत. या मानकाचा सर्वांत शहाणा भाग म्हणजे ते आधी विचारतं. स्विच अगदी कमी दाबाने तार तपासतो, पलीकडे साधारण २५ किलोओहमचा ठरावीक रोध दिसला तरच पूर्ण दाब सोडतो. म्हणून साध्या लॅपटॉपची तार चुकून त्यात लावली तरी लॅपटॉपला काही होत नाही. बाजारात ‘पॅसिव्ह पीओई’ नावाने जे स्वस्त प्रकार मिळतात, ते असं काही विचारत नाहीत, सरळ वीज सोडतात. ते या मानकात बसत नाहीत आणि मानकातल्या यंत्रांबरोबर त्यांची सरमिसळ करू नये.

इथे दोन गोष्टी खरेदी करणाऱ्या समितीने विचारायलाच हव्यात. एक, स्विचची एकूण वीज किती? चोवीस पोर्ट प्रत्येकी ३० वॉट म्हणजे ७२० वॉट होतात, पण अनेक स्विचांची एकूण क्षमता त्याच्या निम्मीच असते. दिवसा सगळं चालतं आणि रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की मागणी वाढून एकेक कॅमेरा बंद पडू लागतो. दोन, केबल शुद्ध तांब्याची आहे का? तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त असतो, लांब अंतरावर दाब पडतो आणि तार तापते. केबलिंगच्या मानकांमध्ये ती बसतच नाही. खोक्यावर ‘कॅट ६’ छापलेलं असलं तरीही.

दोन स्विचांमधल्या अनेक तारा एकत्र बांधून एकच जाड वाट करणारा एलएसीपी २००० मध्ये ८०२.३एडी म्हणून आला, पुढे तो ८०२.१एएक्स झाला. ही कल्पनाही मुळात त्या ‘कल्पना’ कंपनीच्या इथरचॅनेलची. त्याबद्दल एकच गैरसमज दूर करायला हवा: दोन गिगाबिटच्या तारा बांधल्या म्हणून एका फाइलची कॉपी दोन गिगाबिटने होत नाही. फ्रेमचा क्रम बिघडू नये म्हणून एका संभाषणाच्या सगळ्या फ्रेम एकाच तारेने जातात. फायदा होतो तो अनेक संभाषणं असतील तेव्हा. शेजारी कोण आहे हे दर ३० सेकंदांनी जाहीर करणारा एलएलडीपी, म्हणजे २००५ चा ८०२.१एबी, दिसायला किरकोळ आहे. पण नकाशा नसलेल्या जुन्या इमारतीत कोणती तार कुठे जाते हे शोधताना त्याच्याइतकी मदत कशाचीच होत नाही. आयजीएमपी स्नूपिंग एका व्हिडिओ-प्रवाहाला फक्त मागणाऱ्या पोर्टांवरच नेतं. ते चालू करताना जाळ्यात कोणीतरी ‘कोणाला हवंय?’ असं नियमित विचारणारा हवा. तो नसेल तर चार-साडेचार मिनिटांनी नोंदी मावळतात आणि चित्र थांबतं.

आता दुसऱ्या गृहीतकाकडे: पाठवणारा खरा बोलतो. स्विचला हे तपासण्याचं कोणतंही साधन मूळ इथरनेटमध्ये नाही. खोट्या पत्त्यांच्या हजारो फ्रेम पाठवून तक्ता भरून टाकला, की नवे पत्ते लिहायला जागा उरत नाही. मग त्यांच्यासाठी आलेलं सगळं स्विच सगळीकडे सोडू लागतो आणि ऐकणाऱ्याचं फावतं. याला अटकाव म्हणून २००१ मध्ये ८०२.१एक्स आलं. तार लावली तरी पोर्ट बंदच असतो. यंत्राने आपली ओळख द्यायची, स्विच ती रेडियस सर्व्हरला विचारणार, होकार आला तर पोर्ट उघडणार. कल्पना उत्तम, पण मूळ रूपात ओळख एकदाच, दारातच विचारली जायची. आत आलेल्या यंत्राच्या वाटेत कोणी छोटा हब घातला तर त्याच्याही फ्रेम आत जात. २००६ च्या ८०२.१एई या मानकाने, म्हणजे मॅकसेकने, प्रत्येक फ्रेम कूटबद्ध केली आणि २०१० च्या ८०२.१एक्सने दोन्हींची सांगड घातली. तांत्रिकदृष्ट्या हा प्रश्न सुटलेला आहे. प्रत्यक्षात अनेक प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना यातलं काहीच येत नाही, म्हणून त्यांना फक्त पत्ता पाहून आत घेतलं जातं, आणि पत्ता नकली करणं सोपं आहे. निदान अशा यंत्रांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये कोंडून ठेवावं.

स्विचवर नजर ठेवणाऱ्या एसएनएमपीची गोष्टही याच जातीची. त्याच्या पहिल्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच तारेवरून जातो आणि अनेक यंत्रांत तो ‘पब्लिक’ असाच ठेवलेला सापडतो. ओळख आणि कूटबद्धता असलेली तिसरी आवृत्ती २००२ पासून पूर्ण मानक आहे. ती न वापरण्याला आता सबब नाही.

जिथे मानक नाही तिथे काय होतं, याची दोन उदाहरणं रोज भेटतात. १५०० बाइटांपेक्षा मोठ्या, साधारण ९००० बाइटांच्या ‘जंबो’ फ्रेमना ८०२.३ ने कधीच मान्यता दिली नाही. त्यामुळे वाटेतल्या एकाही स्विचवर ती सोय बंद असेल तर तो मोठी फ्रेम कोणालाही न कळवता टाकून देतो. छोटे संदेश जातात, मोठे अडकतात आणि शोधणाऱ्याचा दिवस जातो. दुसरं, फायबरचे एसएफपी मोड्यूल. त्यांचा आकार आणि जोडणी उत्पादकांच्या परस्पर करारातून ठरली. पण मोड्यूलमधल्या चिपवर कंपनीचं नाव लिहिलेलं असतं आणि काही स्विच दुसऱ्या कंपनीचं नाव दिसलं की ते नाकारतात. प्रकाशाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. अशी अडवणूक ग्राहकाच्या हिताची नाही आणि खरेदीच्या अटींतच तिला नकार द्यावा.

मोठ्या डेटा सेंटरनी मात्र स्पॅनिंग ट्रीचा नाद जवळजवळ सोडला आहे, कारण निम्म्या तारा बंद ठेवणं त्यांना परवडत नाही. पर्लमन यांनी स्वतःच आपल्या जुन्या रीतीला पर्याय म्हणून ट्रिल हा प्रोटोकॉल सुचवला, ८०२.१ समितीने २०१२ मध्ये शॉर्टेस्ट पाथ ब्रिजिंग आणलं. मैदान मारलं ते तिसऱ्यानेच. खाली सगळं साधं आयपी राउटिंग आणि त्यावरून यूडीपीच्या पॅकेटात गुंडाळलेली इथरनेटची फ्रेम, म्हणजे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेलं व्हीएक्सलॅन. त्यात क्रमांक २४ बिटांचा, म्हणजे ४०९४ ऐवजी सुमारे एक कोटी ६७ लाख स्वतंत्र जाळी. या राउटिंगच्या पॅकेटवर आयुष्याचा आकडा असतो, म्हणून फेरा झाला तरी आपोआप संपतो. १९८० च्या फ्रेममधली उणीव शेवटी तिला दुसऱ्या पाकिटात घालून भरून काढली गेली.

एआयच्या संगणक-समूहांनी आता नवा ताण आणला आहे. इथरनेट फ्रेम हरवू शकते हे मुळातच मान्य करतं, पण हजारो जीपीयू एकमेकांशी बोलताना एक हरवलेली फ्रेम सगळ्यांना थांबवते. २०११ च्या ८०२.१क्यूबीबीने वाहतुकीचा एकेक प्राधान्य-वर्ग थांबवण्याची सोय दिली, पण थांबवण्याची लाट एका स्विचवरून दुसऱ्यावर पसरत जाऊन जाळंच गोठण्याचा धोका तिच्यात आहे. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या अल्ट्रा इथरनेट कन्सोर्टियमने जून २०२५ मध्ये आपला पहिला तपशील प्रसिद्ध केला, तो याच प्रश्नावर. कारखान्यांतला प्रश्न उलटा आहे. तिथे वेग नको, वेळेची हमी हवी. ८०२.१एएसने सगळ्या स्विचांची घड्याळं एका लयीत आणली आणि २०१५ च्या ८०२.१क्यूबीव्हीने ठरावीक क्षणांना ठरावीक वाहतुकीसाठीच दार उघडं ठेवलं. मोटारींमध्ये एकाच जोडीच्या तारेवरचं इथरनेट याच सुमारास शिरलं. पुढच्या दशकात इथरनेटची खरी वाढ मला या दोन टोकांना दिसते, कार्यालयातल्या टेबलाखाली नाही.

तुम्ही शाळेसाठी, सहकारी बँकेसाठी, रुग्णालयासाठी किंवा सोसायटीसाठी स्विच घेणार असाल, तर निविदेत कंपनीची नावं लिहू नका, मानकांचे क्रमांक लिहा. जलद स्पॅनिंग ट्री, ८०२.१क्यू, ८०२.१एक्स, एलएलडीपी, एसएनएमपीची तिसरी आवृत्ती आणि पीओई हवं असेल तर एकूण वॉट. आणि बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी यातलं काय काय खरोखर चालू केलं आहे ते समोर बसून दाखवायला सांगा, कारण यातल्या बहुतेक सोयी पेटीत असतात आणि बंदच राहतात. विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट: ८०२ ची ही सगळी मानकं प्रसिद्ध झाल्यावर सहा महिन्यांनी आय-ट्रिपल-ईच्या ‘गेट’ कार्यक्रमातून मोफत उतरवून घेता येतात. ८०२.१क्यूपासून सुरुवात करा.